कोपऱ्यातली हिरवी ढाल

५ फेब्रुवारी

ताई,

फोन करणार होते. पण फोनवर तिसऱ्या मिनिटाला आपण भांडतो आणि चौथ्या मिनिटाला तू ‘ठेवते’ म्हणतेस. म्हणून पत्र. मेल केला असता, पण ज्याच्यावरून करायचा तोच आजारी आहे.

तू जुळवून पाठवलेला कॉम्प्युटर मधेच बंद पडतो. पडदा निळा होतो, त्यावर पांढऱ्या अक्षरांत काहीतरी उमटतं, आणि मी चष्मा लावेपर्यंत तो आपला आपण पुन्हा सुरू होतो. कधी दहा मिनिटांत, कधी दोन तासांनी. मी काही केलेलं नाही.

एरवी तुला लिहिलं नसतं. पण बाबा अक्षरं काढताहेत. चाळीस वर्षं पाट्या रंगवताना त्यांचं जे वळण होतं, ते कॉम्प्युटरमध्ये उतरवायचं, म्हणजे कुणालाही त्यात छापता येईल. त्यासाठी आणलेल्या काळ्या पाटीवर पेनने काढलं की पडद्यावर उमटतं. चौदा अक्षरं बाकी आहेत, आणि वेळ थोडा आहे. डावा डोळा गेल्याचं तुला माहीत आहे. आता उजव्याचंही तेच सुरू झालंय. सरळ रेषा त्यांना मध्ये वाकलेली दिसते. डॉक्टरीणबाईंनी चौकटींचा एक कागद दिलाय, मधोमध ठिपका असलेला. तो कपाटाच्या दारावर लावलाय. रोज सकाळी बाबा त्याच्यासमोर उभे राहतात आणि सांगतात, ‘आज चौथी ओळ झोपली.’ बाई म्हणाल्या, मधलं दिसणं चार महिने, फार तर पाच.

परवा कॉम्प्युटर पडला तेव्हा काढून झालेला ‘ध’ गेला. फाइल आहे, उघडली तर कोरी. बाबा उठून पाणी प्यायले.

‘ताईला त्रास देऊ नकोस,’ असं ते म्हणाले होते. मीच लिहितेय. काय करू ते सांग.

चिंगी

*

११ फेब्रुवारी

चिंगे,

‘मी काही केलेलं नाही’ असं माझ्या दुकानात येणारा प्रत्येकजण म्हणतो. त्यातल्या एकाने कीबोर्ड साबणाने धुतला होता.

पुढचं क्रमाने कर. वीज बंद कर, तार काढ. बाजूचं झाकण उघड; दोन स्क्रू आहेत, ते कशाच्या तरी झाकणात ठेव, टेबलावर नको. पंख्यावर धूळ असेल, कोरड्या ब्रशने झाड. बाबांचा ब्रश घेऊ नकोस. मग मेमरीच्या दोन पट्ट्या दिसतील, बोटभर रुंदीच्या. दोन्ही टोकांचे चिमटे दाबले की त्या वर येतात. त्यांची सोनेरी कड पेन्सिलीच्या खोडरबरने घास, फुंकर न मारता पूस, आणि ‘टक’ होईपर्यंत परत बसव. नव्वद टक्के यंत्रं एवढ्याने सुधारतात.

नाही सुधारलं, तर पडल्यावर यंत्र एक अहवाल ठेवतं. तो कसा उघडायचा ते मागे लिहिलंय. त्यात शेवटच्या ओळीत एका फाइलचं नाव असेल. ते उतरवून पाठव. आणि त्या सुमारास काय काय नवीन बसवलं, ते आठव.

बाकी, बाबा अक्षरं काढताहेत हे मला पत्रातून कळावं याचं नवल वाटलं. मी दर रविवारी फोन करते. ते मला हवापाणी सांगतात.

काळ्या पाटीवर पेन कोण धरतं? ज्याला रेष वाकडी दिसते तो माणूस पडद्यावर बघून कसा काढेल?

ताई

*

१९ फेब्रुवारी

ताई,

सगळं केलं. ‘टक’ झालं तेव्हा मी एवढ्या जोरात ‘झालं!’ म्हणाले की बाबांच्या चहात बिस्कीट पडलं. पंख्यातून जे निघालं त्यात उशी भरली असती. पाच दिवस यंत्र नीट चाललं. सहाव्या दिवशी ‘ध’ पुन्हा गेला, जाताना ‘घ’ घेऊन गेला. आता पुन्हा चौदा बाकी.

पेन मी धरते. तू बरोबर ओळखलंस. आधी ते स्वतः काढायचे, मी शेजारी बसून रेष सरळ आहे का ते सांगायचे. मग एकदा म्हणाले, ‘तूच काढ, मी बघतो.’ पहिले आठ दिवस माझी अक्षरं फुगलेल्या पायासारखी यायची. बाबा म्हणतात, अक्षराला पोट असतं, ते आवळून धरायचं नाही, श्वास घेऊ द्यायचा. माझ्या मनगटावर बोट ठेवून बसतात. जिथे वळायचं तिथे दाबतात. परवा ‘ब’ झाल्यावर बोट काढून घेतलं आणि म्हणाले, ‘हा माझ्याशिवाय झाला.’ मी दवाखान्याच्या खिडकीवर बसून दिवसभर लोकांची नावं लिहिते. दुसऱ्या दिवशी तिथे मी सगळ्यांची नावं पाटीसारखी लिहिली. रांग दारापर्यंत गेली. कंपाउंडर म्हणाला, ‘बाई, रंगाचा डबा आणू का?’

तुझं पत्र मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवते. खोडरबराला हसले.

फाइलचं नाव: के एस एच एल डी ६४ डॉट एस वाय एस. तीनदा पडलं, तिन्हीदा हेच. मला अर्थ लागत नाही.

नवीन म्हणजे, काळी पाटी दिवाणखान्यात ऑक्टोबरपासून आहे. जानेवारीत बँकेने आमच्या रस्त्यावरची खिडकी बंद केली, सगळं घरून करा म्हणाले, आणि त्यासाठी संरक्षणाचं एक सॉफ्टवेअर घ्यायला लावलं. तेव्हापासून पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी हिरवी ढाल असते. पडणं त्याच सुमारास सुरू झालं, असं मला वाटतं. त्या ढालीचं तर काही नसेल? मला यातलं कळत नाही, आपलं विचारते. कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला ‘येऊन बघतो’ म्हणालाय. तू सांगशील तसं.

चिंगी

*

९ मार्च

चिंगे,

कामं होती म्हणून उशीर झाला.

ढालीचा संबंध नाही. बँक ज्याची शिफारस करते ते लाखो लोक वापरतात, त्यांची यंत्रं पडत नाहीत. ती काढू नकोस. काढलीस आणि बँकेच्या कामात काही झालं तर ते हात वर करतील. फाइलच्या नावावरून काही कळत नाही. अंदाज बांधू नकोस, ते माझं काम आहे.

माझं मत आहे की वीज पुरवणारी पेटी कमजोर झाली आहे. नवीन पाठवतेय. बसवायला वेळ लागेल, तारा बऱ्याच आहेत, चित्र काढून दिलंय. कोपऱ्यावरच्याला यंत्राला हात लावू देऊ नकोस. ते मी जुळवलंय. त्याच्या आत कुठली तार कुठून नेली ते मला डोळे मिटून सांगता येतं.

पेटीने भागलं नाही तर मला यावं लागेल. बाबांना विचार, मी यायला हवी आहे का. त्यांनी म्हटलं तर दुकान बंद करून येईन. त्यांनी म्हटलं तर.

पुढचं त्यांना वाचून दाखवू नकोस.

मी तेरा वर्षांची होते. बाबा औषधांच्या दुकानाची पाटी करत होते. खालच्या खोलीत पत्रा दोन स्टुलांवर आडवा ठेवला होता. ते हात धुवायला गेले आणि मी ब्रश घेतला. त्यांनी खडूने आखलेला ‘औ’ मी भरला. मला तो चांगला वाटला. अजूनही वाटतो. ते आले, थोडा वेळ बघत राहिले, मग फडकं रॉकेलमध्ये बुडवून त्यांनी तो पुसला. रागावले नाहीत. म्हणाले, ‘तुझा हात यंत्राचा आहे.’ दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी बंद पडलेला रेडिओ आणून माझ्यापुढे ठेवला. तो मी चार दिवसांत चालू केला आणि पुन्हा कधी ब्रशला हात लावला नाही. तू तेव्हा सहा वर्षांची होतीस आणि पत्र्याखाली बसून बिस्कीट खात होतीस.

माझ्या मनगटावर त्यांनी कधी बोट ठेवलं नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही.

पेटी उलटी बसवू नकोस. पंखा बाहेरच्या बाजूला.

ताई

*

३० मार्च

ताई,

पेटी बसवली. पंखा बाहेरच्या बाजूलाच आहे. दोन रविवार त्यात गेले. यंत्र त्याच संध्याकाळी पडलं.

बाबांना तुझ्या येण्याचं विचारलं. ‘तिचं दुकान आहे,’ म्हणाले.

आता आम्ही यंत्रावर काढत नाही. गेलेलं अक्षर पुन्हा काढताना त्यांना मागचं आठवत बसावं लागतं, आणि मागचं नेहमी चांगलं होतं असं त्यांना वाटतं. म्हणून मोठे कागद आणले. पेन्सिलीने मी काढते, ते नाक कागदाला टेकेल इतके वाकतात आणि मान तिरकी करून कडेने बघतात, कारण मधोमध आता करडा डाग आलाय. माझ्या चेहऱ्याच्या जागीही तोच दिसतो म्हणाले. ‘कान ओळखीचे आहेत, म्हणून चालवून घेतो.’ कागदावर नऊ झाली. कागदावरून पाटीवर गिरवणं मला एकटीला जमेल, पण यंत्र उभं राहिलं तर. अडचणीची अक्षरं त्यांनी शेवटी ठेवलीत. ‘झ’, ‘ळ’ आणि ‘क्ष’ त्यांना यंत्रावरच काढायची आहेत, मोठी करून, जेवढी दिसतील तेवढी. कपाटावरच्या कागदाबद्दल ते आता सकाळी काही सांगत नाहीत. उभे राहतात आणि जातात.

तुझं ‘औ’चं मी वाचून दाखवलं नाही. पण मला ते आठवतं. बिस्कीट नव्हतं, तू मला गप्प राहायला दिलेली गोळी होती.

एक सांगू? तुझं पत्र आलं की ते आधी हातात घेऊन जाडी बघतात. मी वाचून दाखवलं की घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवतात. मागचं तिथेच राहिलं आणि धुतलं गेलं, तर मला दोन दिवस बोलले नाहीत. मी रोज त्यांचे डोळ्यांचे थेंब घालते, कपडे धुते, मनगट पुढे करते. मला कुणी खिशात ठेवत नाही. तूही म्हणतेस, ढालीचं बोलू नकोस, ते तुझं काम आहे. बरं. नाही बोलत. पण तुला काही सुचत असेल तर लवकर लिही.

चिंगी

*

४ एप्रिल

चिंगे,

हे पत्र मी दुकान उघडायच्या आत लिहितेय.

हिरवी ढाल काढून टाक. कसं ते सोबतच्या कागदावर आहे. साध्या पद्धतीने ती निघणार नाही; यंत्र सेफ मोडमध्ये, म्हणजे गरजेपुरतंच, सुरू कर आणि मग काढ. शेवटी विचारेल, ‘खात्री आहे का?’ हो म्हण. नंतर ती फाइल उरली आहे का बघ, असली तर हाताने पुसून टाक. बँकेचं काम दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवरून कर, किंवा बँकेत जा. घरच्या यंत्रावर करू नकोस.

ती फाइल ढालीचीच आहे. ही सॉफ्टवेअरं कीबोर्ड आणि पडद्याच्या मधे उभी राहतात, म्हणजे तुझा पासवर्ड कुणी चोरून बघू नये. काळ्या पाटीवरचं पेनही त्याच दारातून आत येतं. पहारेकरी त्याला अडवतो, पेन ढकलतं, आणि त्या झटापटीत सगळं यंत्र खाली बसतं. गेल्या वर्षी माझ्याकडे अशी तीन आली होती. एक नकाशे काढणाऱ्याचं होतं.

म्हणजे तुझं १९ फेब्रुवारीचं पत्र फोडलं तेव्हाच मला कळलं होतं. नाव वाचलं आणि कळलं. पुढे वाचलं तर ते तूच विचारलं होतंस.

पंधरा दिवस मी उत्तर लिहिलं नाही. कामं नव्हती. मग लिहिलं ते खोटं लिहिलं. पेटीला काही झालं नव्हतं.

का, ते तुला सांगायला हवं. ‘हा माझ्याशिवाय झाला’ हे त्याच पत्रात होतं. त्यानंतर त्याच कागदावर, यंत्राचंही तुलाच बरोबर सुचलं होतं. अक्षर तुला मिळालं. मला वाटलं, यंत्र तरी माझं राहू दे. आणि ते पुरेसं बिघडलं तर बाबा मला बोलावतील.

सहा आठवडे. चौकटींचा कागद मी बघितलेला नाही, पण मला सगळ्या ओळी दिसताहेत.

हे त्यांना वाचून दाखव. सगळं.

ताई

*

२१ एप्रिल

ताई,

ढाल काढली. ‘खात्री आहे का?’ विचारलं तेव्हा माझा हात थोडा थांबला, कारण त्याआधी मी तुझं पत्र चारदा वाचलं होतं आणि मला कशाचीच खात्री नव्हती. फाइल उरली होती, ती पुसली. नऊ दिवस झाले, यंत्र एकदाही पडलं नाही. कागदावर जी झाली होती ती सगळी मी गिरवून आत नेली.

तीन राहिली. ‘झ’, ‘ळ’, ‘क्ष’. ढाल काढली त्या सकाळी बाबांना बोलावलं, ‘ळ’ पडदाभर मोठा केला. ते कडेने बघत राहिले. डावीकडून, उजवीकडून, वरून. मग म्हणाले, ‘दोन गाठींच्या मधे काय आहे ते तू सांग.’ मी म्हटलं, ‘तिथे तर काहीच नसतं, बाबा.’ म्हणाले, ‘मग बरोबर दिसतंय मला.’ आणि हसले, आणि उठले. कपाटावरचा कागद त्यांनी स्वतःच काढला. मार्चमध्ये त्यांना ‘ळ’ दिसला असता.

मी तुला शिव्या देणारी तीन पत्रं लिहिली. ती फाडली, कारण प्रत्येकात एक गोष्ट लिहायची राहत होती. फेब्रुवारीत मी लिहिलं, ‘ताईला त्रास देऊ नकोस’ असं बाबा म्हणाले. ते तसं म्हणाले नव्हते. पहिल्या दिवशी यंत्र पडलं तेव्हा ते म्हणाले होते, ‘ताईला बोलाव.’ ‘ध’ गेला तेव्हा पुन्हा म्हणाले. फोनवर तुला स्वतः ‘ये’ म्हणणं त्यांना जमत नाही. मी म्हटलं, लिहिते. मार्चमध्ये तुझ्या येण्याचं मी त्यांना विचारलंच नाही. ‘तिचं दुकान आहे’ हे वाक्य माझं आहे. तू आलीस की मनगट कुणाचं, हे मला ठाऊक होतं.

तेव्हा माझ्याकडून तुला काही ऐकून घ्यावं लागणार नाही. तो माझा अधिकार मी घालवला.

पण तुझं पत्र बाबांना वाचून दाखवायचं होतं. ते पलंगावर बसले, जाडी बघितली, म्हणाले, ‘वाच.’ मी वाचलं. पहारेकऱ्याची झटापट वाचली, नकाशे काढणाऱ्याचं वाचलं. पुढच्या ओळीवर आले आणि मला त्यांचा चेहरा दिसला. त्यांना माझा दिसत नव्हता. मग कागदावर नव्हतं ते मी वाचलं. तू दोन महिने दुसरं काम बाजूला ठेवलंस, जुन्या वह्या काढल्यास, एकेक शक्यता खोडत गेलीस आणि शेवटी जिथे कुणी बघणार नाही तिथे तुला ती चूक सापडली. मी चांगलं वाचते, हे मला माहीत नव्हतं.

बाबांनी पत्र मागून घेऊन त्याची घडी केली. मग म्हणाले, ‘तिला रेडिओ आणून दिला तेव्हाच मला कळलं होतं.’

पत्र खिशात आहे. ते त्यांना वाचता येणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला ते वाचायला देत नाहीत.

ही गोष्ट त्यांनी डॉक्टरीणबाईंना सांगितली. पोस्टमनला सांगितली. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला मुद्दाम वर बोलावून, खुर्चीत बसवून सांगितली. तो बिचारा माझ्याकडे बघत होता. ढाल काढून बघा, असं त्याने मला मार्चमध्येच रस्त्यात म्हटलं होतं. जेवताना मला सांगतात, जणू मी तिथे नव्हते. दर वेळी तू थोडी जास्त हुशार होतेस.

तीन अक्षरांचं विचारलं, तर म्हणाले, ‘ती ताईकडून काढून घे. तिचा ‘औ’ चांगला होता. मी उगाच पुसला.’

तेव्हा ये. पेन तू धर. रेष सरळ आली की नाही, हे त्यांना दिसणार नाही आणि मी सांगणार नाही. ते तुझं तुला ठरवावं लागेल. ते मनगटावर बोट ठेवतील, आणि शेजारी बसून पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागतील, तू ते कसं शोधून काढलंस.

तुझं कौतुक मी नऊ दिवस ऐकतेय. आता तू येऊन ऐक.

चिंगी